सोलनच्या गच्चीवर बिबडे

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात ज्याचा अख्खा जन्म बॉयलरपाशी गेला, त्याला उन्हाचं काय कौतुक, असं कुणालाही वाटेल. बन्सीलालला मात्र उन्हाचा वैयक्तिक राग होता. सूर्य भुसावळवर उगवतो तो आपल्याला छळायलाच, अशी त्याची पक्की समजूत. होळी पेटली की याच्या तोंडाची भट्टी पेटायची, ती मृग सरून पाऊस दणकून पडेपर्यंत विझायची नाही.

ड्यूटीवरून आला की क्वार्टरच्या फाटकातच स्कूटर सोडायचा, टॉवेल डोक्यावरून ओढायचा आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा बेतानं एकच वाक्य टाकायचा, "मी मानूस हाये का भरताचं वांगं हाये, सांगा मले."

सांगणार कोण? कॉलनीतली पोरं त्याच्या आधीच ते वाक्य म्हणून मोकळी व्हायची. 'मानूस' वर जोर, मग एक उसासा, मग 'वांगं' असं काही म्हणायचं की जणू घरातलं कुणी गेलंय. बन्सीलाल पोरांकडे बघायचा, आपलं वाक्य आपल्याहून बरं जमलंय का ते तपासायचा, आणि कूलरपुढे जाऊन उभा राहायचा. कूलरशी तो बायकोपेक्षा जास्त बोलत असे. "चाल रे माह्या राजा, चाल. तू हाये म्हनून मी हाये."

त्याची बायको बेबाबाई साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरची. लग्नाला एवढी वर्षं झाली, मुलगा हितेंद्र नोकरीला लागून पुण्यात स्थिरावला, पण बाईची अहिराणी काही दीपनगरच्या पाण्यात विरघळली नाही. चारचौघांत ती शुद्ध बोले. नवऱ्यावर डाफरायचं असलं की थेट साक्री तालुक्यात जाई. "तुम्ही तोंड बंद ठेवात तं निम्मी गरमी कमी व्हई," एवढंच म्हणायची आणि गच्चीवर निघून जायची.

कारण बन्सीलालचा जो दुष्मन, तो सूर्य बेबाबाईचा कामाचा माणूस होता. तिचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, त्याच्याच जिवावर. ज्वारी भिजवायची, आंबवायची, वाळवायची, दळायची. मग लसूण, तीळ, जिरं, तिखट घालून त्याचा घाटा शिजवायचा आणि उन्हं तापायच्या आत गच्चीवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर पाण्याच्या हातानं पातळ थापायचा. दुपारपर्यंत बिबडा असा कडक व्हावा की दोन आपटले तर टाळ्या वाजल्यासारखं वाटावं. मे महिन्यात कॉलनीतल्या बायका पाळीनं एकमेकींकडे थापायला जात. आज सुलक्षणाकडे, उद्या ज्योत्स्नाकडे. पण घाटा शिजला की नाही हे सांगायला सगळ्या बेबाबाईलाच बोलावत. ती पळीवरून एक थेंब पाडायची, मान हलवायची, मग पुढचं काम.

एप्रिलात बन्सीलाल निवृत्त झाला. निरोपसमारंभ करमणूक केंद्राच्या हॉलमध्ये. हॉलमधले पंखे फिरत होते ते वारा देण्यासाठी नव्हे, आपण अजून निवृत्त झालो नाही हे दाखवण्यासाठी. साहेब बोलायला उठले. साहेबांची सवय अशी की शब्द सापडेपर्यंत 'म्हणजे बघा' म्हणत राहायचं. "बन्सीलालजी म्हणजे बघा... बन्सीलालजी म्हणजे बघा एक... म्हणजे बघा, बॉयलरच." टाळ्या. मग भर चव्वेचाळीस अंशात बन्सीलालच्या अंगावर शाल घातली, गळ्यात हार घातला आणि हातात नारळ दिला. घामाचा एक ओघळ त्याच्या कानामागून निघून शालीत शिरला. तिथं त्याचा तोल गेला.

माईक हातात घेऊन तो म्हणाला, "ही शाल मी आता जिथं लागते तिथंच पांघरणार. मी हिमाचलला जाऊ राह्यलो. कायमचा. या भट्टीत पुढच्या मे महिन्यापासून मी दिसनार नाही. दिसलो तर माहं नाव बन्सीलाल नाही."

तेवढ्यात पाठीमागून सुकदेवनानांचा आवाज आला. सुकदेवनाना कोळसा विभागातले, बन्सीलालचे भिंतीला भिंत शेजारी, आणि त्यांचं आयुष्य बन्सीलालच्या बोलण्यावर शेरे मारण्यात गेलेलं.

"पुढचा मे तर पंधरा दिवसांवर हाये बन्सीभाऊ. नवीन नाव काय ठेवू, तेवळं आत्ताच सांगून ठेव. बारशाच्या केकवर लिहायले बरं पळते."

हॉल फुटला. साहेबही हसले आणि म्हणजे बघा म्हणाले. पण बन्सीलाल हसला नाही. दुसऱ्या दिवशी मित्रमंडळींनी वर्गणी काढून त्याला एक स्वेटर, एक मफलर आणि एक तपकिरी माकडटोपी भेट दिली. टोपी घालून फोटो काढायला लावला. फोटोत त्याचे डोळे तेवढे दिसतात, त्यातही घाम.

आता हे हिमाचल त्याच्या डोक्यात आलं कुठून? मोबाइलमधून. रोज जेवणानंतर तो एका दाढीवाल्या पोराचे व्हिडिओ बघायचा. पोरगा आधी डोंगर दाखवायचा, मग स्वतःला, मग स्वतःलाच. "तो दोस्तों, क्या आप भी गर्मी से परेशान हैं?" बन्सीलाल मोबाइलला उत्तर द्यायचा, "हो ना रे भो." "क्या आप भी चाहते हैं सुकून की ज़िंदगी?" "चायते ना." मग एक दिवस सोलन आलं. डोंगरातलं शहर, दवाखाने आहेत, बाजार आहे, थंडी सोसवेल इतपत. बन्सीलालनं लगेच हितेंद्रला फोन लावला.

हितेंद्र शहाणा. तो म्हणाला, "पप्पा, एकदम घर घेऊ नका. महिनाभर भाड्यानं राहून बघा. जमलं तर घ्या." आणि त्यानंच शोधून एका ठाकूरजींचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ठरवला. तो भाड्यानंही होता आणि विकायलाही होता. महिना संपताना हो किंवा नाही सांगायचं, एवढाच करार.

बेबाबाईला विचारायचं राहिलं होतं, तेही बन्सीलालनं केलं. ती ज्वारीचं दळण चाळत होती. चाळणी न थांबवता म्हणाली, "तुम्हले जठे जावानं शे तठे जाऊत. मनी एकच अट शे."

"बोल."

"जठे मना बिबडा वाळी, तठे मी ऱ्हासू. नही वाळना, तं तुम्ही ऱ्हा आन तुमनी ती माकडटोपी."

बन्सीलाल इतका हसला की त्याला ठसका लागला. "आवं हितूची माय, मे महिना हाये. मे महिन्यात ऊन कोठी जाते? डोंगरावर तर सूर्य अजून जवळ." उन्हापासून पळणारा माणूस, पण मे म्हणजे ऊन हे त्याच्या हाडात इतकं मुरलेलं की दुसरं काही असू शकतं हे त्याला सुचलंच नाही. त्यानं स्वतः पिठाचा डबा ट्रंकेत भरला. वर जुनं लुगडं, तिखट, तीळ, लसणाच्या जुड्या. रेल्वेत त्या लसणामुळे शेजारचे दोन प्रवासी झाशीलाच दुसऱ्या डब्यात गेले.

सोलनला उतरले. देवदाराची, चिडाची झाडं, वळणावळणाचा रस्ता, आणि मे महिन्यात दुपारी अंगावर काटा. त्यानं तिथंच बसस्टँडवर स्वेटर चढवला. शेजारी एक स्थानिक गडी हाफ शर्टात आइस्क्रीम खात होता, त्यानं घास थांबवून पाहिलं. बन्सीलालनं मफलरही गुंडाळला आणि सेल्फी काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गारठा.' सुकदेवनानांचं उत्तर आलं, 'आम्ही भाजलो. तुझ्या नावाचा केक वितळला.'

पहिले काही दिवस त्यानं नुसता ब्लँकेटमध्ये लोळून सूड घेतला. कुणावर, ते त्यालाच ठाऊक. नळाचं पाणी थंड, फरशी थंड, चपला थंड. चहा हातात धरून तो बाल्कनीत उभा राहायचा आणि सवयीनं तोंड उघडायचा. मग लक्षात यायचं, बोलायचं काहीच नाही. "छान हाये," तो म्हणायचा. बेबाबाई आतून म्हणायची, "हां." विषय संपायचा. जेवणाला अजून दोन तास.

मग तो मॉल रोडवरच्या बाकावर जाऊन बसू लागला. तिथं ठाकूरजी आणि त्यांचे दोस्त संध्याकाळी जमत. ठाकूरजी गोरेपान, सडसडीत, डोक्याला हिमाचली टोपी, प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'जी'. त्यांनी रुमालानं कपाळ टिपलं आणि म्हणाले, "इस बार तो गर्मी ने मार डाला जी."

बन्सीलालनं इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या अंगात स्वेटर होता.

"कौनसी गर्मी?" त्यानं विचारलं.

"उनतीस हो गया जी कल. हमारे बचपन में पंखे नहीं होते थे यहाँ."

दुसरा म्हातारा म्हणाला, "रात को नींद नहीं आती. बुरा हाल है."

बन्सीलालच्या आत कुठंतरी एक झडप उघडली. उनतीस? आमच्याकडे उनतीस झालं तर लोक सर्दीची गोळी घेतात. हे लोक उनतीसवर कपाळ पुसतायत? जिथं आपण आयुष्य घातलं तिथं येऊन कुणी उपटसुंभानं मिशा पिळाव्यात तसं त्याला झालं.

"सुनो," तो म्हणाला. त्याची हिंदी भुसावळ स्टेशनावर शिकलेली, फलाट क्रमांक सोडला तर कुठंही न थांबणारी. "हमारे उधर छेचाळीस होता. छेचाळीस. वो सूरज है ना, वो हमारे भुसावल में क्वार्टर लेके रहता. बाकी देश में वो सिर्फ ड्यूटी पे जाता. नल खोला तो चाय का पानी आता. हम लोग स्कूटर की सीट पे पहले पानी डालते, बाद में बैठते. नहीं डाला तो उठने का नहीं."

म्हातारे हसतील, हरतील, मान डोलावतील, असं त्याला वाटलं. पण ठाकूरजींनी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते.

"बेचारे," ते म्हणाले. "आप लोग बेचारे हो जी. अच्छा किया, भाग आए."

बेचारे. बन्सीलाल घरी परतताना तो शब्द चावत होता. आपण शिव्या देतो ते वेगळं. आपल्या गावच्या उन्हाला, आपल्या घरच्या म्हशीला आपण शिव्या द्यायच्या. दुसऱ्यानं येऊन म्हशीच्या पाठीवर हात फिरवून 'गरीब बिचारी' म्हणायचं काय कारण? जिन्यातच त्यानं बेबाबाईला हाक मारली. "आवं, उद्या घाटा टाक. या लोकाह्यले दाखवतो उन्हाचं काय काय होते ते. दुपारी बाराला कडक बिबडा त्याह्यच्या हातात."

खरं तर बिबड्यांवर त्याचं घर ठरायचं होतं. पण त्या घडीला घर त्याच्या डोक्यात नव्हतंच.

सकाळी बेबाबाईनं घाटा शिजवला. अर्ध्या इमारतीनं लसणाच्या वासाची चौकशी केली. बन्सीलाल माकडटोपी घालून गच्चीवर लुगड्याची टोकं दगडांनी दाबत होता. बेबाबाई पदर खोचून बसली आणि थापत गेली. एकेक बिबडा गोल, पातळ, कड सारखी. सोबतीला सुलक्षणा नाही, ज्योत्स्ना नाही, कुणाच्या सुनेची चहाडी नाही. बोलायला समोर नवरा, आणि त्याच्या टोपीतून त्याला अर्धंच ऐकू येत होतं.

ऊन आलं. बन्सीलालनं त्याच्याकडे बघून हात केला, ओळखीच्या माणसाला करावा तसा. ऊन दहा वाजेपर्यंत थांबलं, मग समोरच्या डोंगरामागून एक ढग आला आणि गच्चीवर बसला. वर नव्हे. गच्चीवर. बन्सीलालला ढग असा चपलेपाशी आलेला आयुष्यात ठाऊक नव्हता. त्यानं वर्तमानपत्रानं वारा घालून पाहिला. ढग थोडा सरकला आणि पुन्हा मूळ जागी आला, रेल्वेत रुमाल टाकून जागा धरणाऱ्यासारखा.

बाराला ठाकूरजी आणि मंडळी वर आली. बिबडे सकाळी होते तस्से होते. उलट थोडे जास्तच ओले.

"कब होगा जी?" ठाकूरजींनी आदरानं विचारलं.

"होगा, होगा. थोड़ा लेट है आज," बन्सीलाल म्हणाला. मेल गाडीबद्दल बोलावं तसं.

दुसऱ्या दिवशीही ढग. तिसऱ्या दिवशी माकडं. ती लुगड्याच्या कडेनं ओळीनं बसली, एकेक बिबडा चाखून पाहिला आणि तिखटाच्या पहिल्या झटक्याला जी चित्कारत पळाली ती खालच्या मजल्यावरच्या दोरीवरचे कपडे घेऊनच.

मग बन्सीलालनं बिबडे खोलीत आणले. आणि त्यानं ते केलं जे दीपनगरला कुणी सांगितलं असतं तर सुकदेवनानांनी त्या माणसाला दवाखान्यात नेलं असतं. तो बाजारात गेला आणि मे महिन्यात दोन हीटर मागितले. दुकानदारानं माळ्यावरून धूळ झटकून काढून दिले. बन्सीलालनं एका हातात एक असे दोन आणले. खोलीच्या दोन कोपऱ्यांत लावले, वर पंखा, दार बंद. खुर्ची टाकून बसला. हळूहळू खोली तापू लागली. त्यानं स्वेटर काढला. मग बनियनवर आला. मग टॉवेल डोक्यावरून ओढला. आपण काय करतोय याचं भान यायच्या आधीच त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी मानूस हाये का भरताचं वांगं..."

आणि तो थांबला. कारण बरं वाटलं होतं. सोलनला आल्यापासून पहिल्यांदा.

तेवढ्यात खाटकन सगळं बंद पडलं. पंखा, हीटर, खालच्या मजल्यावरचा टीव्ही, त्याच्याही खालच्या मजल्यावरचा मिक्सर. ज्यानं उभा जन्म अर्ध्या राज्याला वीज पुरवली, त्यानं ओल्या बिबड्यांपायी चार मजल्यांची वीज घालवली होती. जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं तर ठाकूरजी. आतून भपकारा आला तसे ते एक पायरी मागे गेले.

"भाईसाब," ते म्हणाले, "ये क्या है जी?"

"ये?" बन्सीलाल टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला. "ये थोड़ा सा भुसावल है."

बेबाबाईनं पाहुण्याला तसंच कसं पाठवायचं म्हणून ओलसर बिबडे गुंडाळून, वर कच्चं तेल घालून, शेंगदाण्यांबरोबर बशीत दिले. आमच्याकडे पोरं थापताना असेच चोरून खातात. ठाकूरजींनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढत तिसरा मागितला. वीज जाऊन तासभर झाला तरी कुणी तक्रारीला आलं नाही, कारण तक्रार करणारे सगळे बेबाबाईच्या स्वयंपाकघरात बसले होते.

संध्याकाळी हीटरजवळचा एक बिबडा बन्सीलालनं उचलून आपटला. टक् वाजला. कडक. तो धावत बेबाबाईकडे गेला. "पाय. वाळला. तुही अट पुरी झाली."

तिनं तो उजेडात धरला. वास घेतला. तेल तापवून तळला. बिबडा फुलला नाही. कढईत पडून राहिला, कडा मुडपून.

"हाऊ बिबडा वाळेल नही," ती म्हणाली. "हाऊ घाबरेल शे."

बन्सीलाल ओट्याला टेकला. झाऱ्यानं बिबडा उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "मग आता?"

"आता काय. तुम्हले ऱ्हावानं शे तं ऱ्हा. गार शे, चांगलं शे. ठाकूर भला मानूस शे."

"तू नाई म्हनतेस?"

"मी बिबडाना पाठे जास."

बेबाबाईनं गॅस बंद केला. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तठे काय सांगानं ते माले ठाऊक शे. दोनशे मानसंनी मव्हरे बोलेल शेत तुम्ही. सांगज्यात, बेबाबाई नही म्हने. मना नाववर टाका बठ्ठं."

त्या बाईनं आयुष्यभर त्याच्या तोंडाला नावं ठेवली होती, आणि आता त्याच तोंडाची लाज स्वतःच्या पदरात घ्यायला निघाली होती. बन्सीलालला गहिवरल्यासारखं झालं. पण तसं दाखवायची सवय नसल्यानं तो म्हणाला, "तळलेला हाये तर दे इकळे. घाबरेल तर घाबरेल."

सकाळी त्यानं ठाकूरजींना नाही सांगितलं. ठाकूरजींना समजेना. "लेकिन आप तो गर्मी से भाग के आए थे जी."

"हाँ. लेकिन मैं इधर बोलूँ किसको?" बन्सीलाल म्हणाला. "इधर सब अच्छा है. अच्छे के बारे में आदमी कितना बोलेगा? दो मिनिट. हमारा सूरज ऐसा है, उसको गाली दो, सुबह से शाम हो जाती. आप एक बार आओ."

"दिसंबर में आऊँगा जी."

"दिसंबर में क्या देखोगे? मई में आओ. बेचारा किसको बोलते वो मैं दिखाता."

भुसावळला गाडी भर दुपारी लागली. मे अजून संपला नव्हता. डब्याचं दार उघडलं आणि बाहेरची झळ आतल्या माणसांना ढकलून डब्यात शिरली. फलाटावर सुकदेवनाना उभे, डोक्याला ओला रुमाल, चेहऱ्यावर असं समाधान की वाढदिवस त्यांचाच असावा. त्यांच्यामागे बॉयलरचे चारजण.

बेबाबाई आधी उतरली आणि ठरल्याप्रमाणे म्हणाली, "मीच नको म्हटलं भाऊ. माझे बिबडे वाळेनात तिथं."

सुकदेवनानांनी मान डोलावली आणि नजर तिच्यावरून बन्सीलालकडे नेली. "असं हाये का बन्सीभाऊ?"

बन्सीलालनं ट्रंक खाली ठेवली. आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. त्यानं बेबाबाईकडे पाहिलं, मग फलाटाच्या पत्र्याकडे, ज्याच्यावरून हवा थरथरत वर चालली होती.

"खोटं बोलू राह्यली ती," तो म्हणाला. "मलेच करमलं नाही. तिथं उन्हाळाच नाही रे, मानूस बोलंल कशावर?"

चौघं हसता हसता एकमेकांवर पडले. सुकदेवनाना हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक पेढा काढला, तोही वितळलेला, आणि बन्सीलालच्या तोंडात कोंबला. "आजपासून तुहं नाव हिमाचल," ते म्हणाले. "बन्सीलाल वारला."

तेच चिकटलं. क्वार्टर सोडून बन्सीलालनं भुसावळातच घर घेतलं. घर बघायला गेला तेव्हा खोल्या बघितल्याच नाहीत, दोघं आधी गच्चीवर गेले. बेबाबाईनं फरशीवर पाय ठेवला, चटका बसला तशी उचलला आणि म्हणाली, "लई ल्या." म्हणजे घेऊन टाका. उरलेल्या पिठाचा घाटा त्याच आठवड्यात शिजला. दुपारी बाराला बिबडे असे वाजले की सुलक्षणाची नात नाचायला लागली.

हिमाचलभाऊ खाली सावलीत बसलेला असतो. मे महिना, टॉवेल डोक्यावर. समोरून पोरं शाळेच्या सुट्टीतली उनाडकी करत जातात आणि त्याला बघून सुरू करतात, मानूसवर जोर, मग उसासा.

"चुकलं," तो त्यांना थांबवतो. "वांगं म्हनतानी घसा कोरळा पाहिजे. पानी पिऊन काय म्हनता रे? पुन्हा म्हना."